काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन? जर्मनीहून आणलेल्या बाटलीत फसलो का?

नाही, फसला नाहीत. तुम्ही लिहिलंय की बाटलीवर 'श्पेटबुर्गुंडर, ब्लाँ द न्वार, ट्रॉकन' असं छापलं होतं. शोधल्यावर श्पेटबुर्गुंडर म्हणजे पिनो न्वार, म्हणजे रेड वाइनचं द्राक्ष, असं कळलं आणि ग्लासात तर फिकट पिवळी वाइन. मी बॉनला राहतो. आर नदीचं खोरं इथून जवळच, आणि तिथे द्राक्षाच्या उतारांवर मुख्यतः हेच द्राक्ष. त्यामुळे ही वाइन बऱ्याचदा चाखली आहे.

एक काळं द्राक्ष सोलून बघा. आतला गर हिरवट-पांढरा असतो, रंग सगळा सालीत. (इंग्रज त्याला लालही म्हणतो, आपण काळं. फ्रेंचही काळंच म्हणतात: न्वार म्हणजे काळा. 'ब्लाँ द न्वार' या नावाचा अर्थ सरळ 'काळ्यांपासून पांढरी'.) रेड वाइन करताना रस सालींसकट बरेच दिवस आंबवतात, तेव्हा रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. ब्लाँ द न्वार करताना साल आणि रसाची ती भेटच होऊ देत नाहीत. द्राक्षं न फुटता, थंड असतानाच आणायची, बरेचदा अख्खे घड देठासकट प्रेसमध्ये घालायचे आणि अगदी हलका दाब द्यायचा. पहिला रस जवळजवळ बिनरंगी येतो. दाब वाढवला की गुलाबी छटा येऊ लागते, तिथे थांबायचं किंवा तो रस वेगळा काढायचा. थोडा रंग आंबताना यीस्टही शोषून घेतं. तरीही उरला तर काही जण कोळशाची पूड वापरतात. त्याला परवानगी आहे, पण रंगाबरोबर थोडी चवही जाते. मला तर किंचित कांद्याच्या सालीसारखी झाक असलेली बाटली जास्त आवडते.

सगळ्याच काळ्या द्राक्षांना हे जमत नाही. डुंकेलफेल्डरसारख्या काही जातींचा गरही रंगीत असतो.

हा उद्योग कशासाठी? चांगल्या रेडसाठी साल आणि बिया नीट पिकाव्या लागतात, शिवाय वाइन पिंपात महिनोन् महिने अडकून पडते. या पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं थोडी आधी, आंबटपणा शाबूत असताना तोडता येतात आणि बाटल्या पुढच्या वसंतात दुकानात. उन्हाळ्यात अंगणात बसणाऱ्या गिऱ्हाइकाला गार व्हाइटच हवी असते, आणि शेतात उभं आहे ते काळं द्राक्ष. शॅम्पेनवाले ही युक्ती फार आधीपासून वापरतात, पण त्यांची फसफसते, ही शांत असते.

ट्रॉकन म्हणजे कोरडी, गोड नसलेली. लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर चालते. आंबटपणा तेवढा तोलाचा असेल तर 9 पर्यंत. 'हाल्बट्रॉकन' किंवा 'लीब्लिश' दिसलं तर समजा गोडवा वाढत गेला. पहिल्या वर्षी मी लीब्लिश म्हणजे 'छान' असेल असं समजून दोन बाटल्या घरी आणल्या होत्या. सरबत निघालं.

दुसरी बाटली कशासोबत, असंही विचारलंय. इथे मे महिन्यात पांढऱ्या श्पार्गेलसोबत (म्हणजे अ‍ॅस्परॅगस, शतावरीचे कोंब) घेतात. या वाइनला रीसलिंगचा (ही जर्मनीची नेहमीची व्हाइट वाइन) झणझणीत आंबटपणा नसतो, अंग थोडं भरीव असतं, नाकाला नासपती आणि किंचित स्ट्रॉबेरी. आपल्याकडे तळलेला बोंबील, कोलंबी भात, कमी तिखटाची कोंबडी यांच्यासोबत छान. तांबड्या रश्श्याच्या वाटेला मात्र नेऊ नका, तिखट आणखी भडकतं आणि वाइन पाण्यासारखी लागते. 8 ते 10 अंश ठीक. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, बर्फगार प्यायली तर वास कळतच नाही.

आणि ती 'खास प्रसंगासाठी' ठेवू नका. मी एक चार वर्षं जपली होती, उघडली तेव्हा फळाचा वास गेलेला, नुसता आंबटपणा उरलेला. तुमच्या बाटलीवर वर्ष कोणतं आहे ते बघा. दोन-तीन वर्षांपलीकडचं असेल तर या शनिवारीच उघडा.