स्त्रीबीजदान : सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

स्त्रीबीजदानाबद्दल येणाऱ्या प्रश्नांत गोंधळ तोच तो असतो. शेजारणीकडून ऐकलेलं असतं, एजंटने सांगितलेलं असतं, फक्त डॉक्टरांना विचारायचं राहून गेलेलं असतं. म्हणून नेहमीचे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझं वय २१ आहे. मला दान करता येईल का?

नाही. २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्रीचं वय २३ ते ३५ असावं लागतं. ‘आधारवर वय वाढवून देतो’ म्हणणाऱ्याची तक्रार पोलिसांत करा.

प्रश्न : एका वेळी दहा-बारा बीजं काढली तर पाळी लवकर जाते, असं सासूबाई म्हणतात.

तसं होत नाही. दर महिन्याला बीजांडकोशात बीजांच्या अनेक पिशव्या वाढू लागतात, त्यातली एक पुढे जाते आणि बाकीच्या आपोआप जिरतात. इंजेक्शनांनी या जिरणाऱ्या पिशव्या वाढवल्या जातात. पुढच्या वर्षांच्या साठ्याला हात लागत नाही. मात्र दहा-बारा बीजं काढायला कायद्यात परवानगीच नाही. मर्यादा सातची आहे. सोनोग्राफी आणि एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केल्याशिवाय कुणी इंजेक्शन सुरू करत असेल तर तिथून उठा.

प्रश्न : तांबी बसवलेली आहे. काढावी लागेल का?

बहुधा नाही. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन घेत असाल तर मात्र आधी सांगा.

प्रश्न : कामावरून किती दिवस रजा घ्यावी लागेल?

सलग रजा दोन-तीन दिवसांची, पण फेऱ्या बऱ्याच. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज इंजेक्शन, साधारण दहा-बारा दिवस. मध्ये चार-पाच वेळा योनीमार्गातून सोनोग्राफी. पिशव्या १८ मिलीमीटरच्या आसपास पोचल्या की ट्रिगरचं, म्हणजे बीजं पूर्ण पिकवणारं शेवटचं इंजेक्शन मिळतं, ते सांगितलेल्या मिनिटालाच घ्यायचं. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी थोडी भूल देऊन सुईने बीजं काढतात. त्याला १५-२० मिनिटं लागतात. आधी सहा तास पोटात काही नको. त्या दिवशी गाडी चालवू नका, घरी न्यायला कुणीतरी हवं. पुढची पाळी येईपर्यंत जड उचलणं, धावणं आणि शरीरसंबंध टाळा. बीजांडकोश मोठे झालेले असतात, त्यांना पीळ पडू शकतो. शिवाय आत राहिलेल्या बीजामुळे दिवस जाण्याची शक्यता असतेच.

प्रश्न : बहिणीने चार दिवसांपूर्वी दान केलं. पोट फुगलंय, मळमळतंय. एजंट म्हणतो गॅस आहे, ताक प्यायला द्या.

हे वाचत असाल तर आधी तिला दवाखान्यात न्या, बाकी नंतर वाचा. हा गॅस नसेल, बीजांडकोश अतिउत्तेजित झाले असतील. त्यात रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून पोटात साठतं, रक्त घट्ट होतं, लघवी कमी होते. छातीत पाणी झालं तर दम लागतो, रक्ताची गुठळी झाली तर जीवावर बेततं. एक-दोन दिवस पोट जड वाटणं नेहमीचं आहे. पण एका दिवसात वजन किलोभर वाढलं, साडीची गाठ रोज सैल करावी लागली, लघवी गडद आणि थोडी झाली, तर वाट पाहू नका. एका बाजूला अचानक कळ येऊन उलट्या झाल्या तर बीजांडकोशाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासातासाला महत्त्व आहे.

घरच्या घरी लघवी होण्याची गोळी मुळीच देऊ नका. त्याने रक्त आणखी घट्ट होतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको. डॉक्टर सोनोग्राफी, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते कळतं) आणि किडनीच्या तपासण्या करतील.

हा त्रास बराचसा टाळता येतो, म्हणूनच मला राग येतो. ट्रिगर एचसीजी या संप्रेरकाचा दिला तर तो शरीरात आठवडाभर काम करत राहतो आणि धोका वाढतो. दात्रीच्या गर्भाशयात गर्भ सोडायचा नसतो, त्यामुळे तिला ॲगोनिस्ट नावाचा, लवकर ओसरणारा ट्रिगर देता येतो. त्याने तीव्र स्वरूपाचा त्रास क्वचितच होतो. पीसीओएस (बीजांडकोशात अनेक लहान पिशव्या असणं) असलेल्या, सडपातळ, एएमएच जास्त असलेल्या तरुणीला डोस कमीच हवा. जिथे जास्त बीजं म्हणजे जास्त कमाई असा हिशेब चालतो, तिथे डोस वाढतो. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: माझा एएमएच किती, ट्रिगर कुठला, आणि रात्री दोनला त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? घरी जाताना ट्रिगरचं नाव लिहिलेलं कार्ड हातात हवं. बारा महिन्यांचा विमा दात्रीच्या नावे काढणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याची प्रत मागा. ‘आमच्याकडे आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

प्रश्न : दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने पुन्हा दान करता येईल का? चांगले पैसे सांगतात.

आयुष्यात एकदाच. मध्यस्थ लावून दाते मिळवणं किंवा दाते विकत घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच ते दहा लाखांचा दंड होतो, पुढच्या वेळी तुरुंग. दात्रीची निवड फक्त नोंदणीकृत एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) बँकेने करायची असते. नाव लपवलं की आधीचा त्रासही लपतो, आणि भूल देणाऱ्याला तो कळतच नाही.

प्रश्न : उद्या मुलावर मला हक्क सांगता येईल का?

नाही. मूल कायद्याने बीज घेणाऱ्या जोडप्याचंच. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बहिणीसाठी बीजं दिलेल्या स्त्रीबाबतही हेच सांगितलं. बहिणीलाच बीज द्यायचा विचार असेल तर घरात ठरवून मोकळ्या होऊ नका, आधी बँक आणि वकिलांशी बोला.

प्रश्न : इंजेक्शनं सुरू झाल्यावर मन बदललं तर?

माघार घेता येते. बीज किंवा गर्भ मूल हवं असलेल्या स्त्रीच्या गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घ्यायचा हक्क तुमचा आहे. मात्र न सांगता येणं बंद करू नका. ट्रिगरच्या आधी डॉक्टरांना कळवलंत तर इंजेक्शनं सुरक्षितपणे थांबवता येतील. ट्रिगरनंतर बीजं आत राहिली तर दिवस जाण्याचा आणि पोट फुगण्याचा धोका असतो. तेव्हा त्याच दिवशी फोन करा.