माळ्यावरचा ॲम्प्लिफायर आधी खाली काढा

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त, राहायला सांगलीत. पेन्शन ४६ हजार, घरखर्च ३२ हजार, कर्ज नाही, दोघांचा आरोग्य विमा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १४ महिन्यांपूर्वी ८.२ टक्के दराने १५ लाख ठेवले. बँकेत ३ लाखांची ठेव आहे. गेल्या महिन्यात पुण्यात मित्राकडे मॅरँट्झ कंपनीच्या जुन्या रिसीव्हरवर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेलं यंत्र) भीमसेनजींची एलपी ऐकली आणि तेव्हापासून चैन पडत नाही. मुंबईचा एक विक्रेता सत्तरच्या दशकातला जपानी रिसीव्हर, टर्नटेबल आणि स्पीकरची जोडी २ लाख ४० हजारांना देतो आहे. ‘यांच्या किमती वाढतच जातात, गुंतवणूकच समजा,’ असं त्याचं म्हणणं. बचत योजनेतले पैसे काढू का? माझा १९८४ सालचा कॉस्मिक ॲम्प्लिफायर, गॅरार्डचा टर्नटेबल, स्पीकर आणि दीडशेक रेकॉर्ड माळ्यावर पडून आहेत. सौ.चा विरोध नाही, पण ‘पैसे कुठून आणणार?’ हा तिचा प्रश्न आहे.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाचा हात स्वतःसाठी खर्च करताना साठीनंतरही आखडतो, हे मी रोज पाहतो. तुमच्याकडे दरमहा १४ हजार उरतात, विमा आहे, डोक्यावर कर्ज नाही. हा छंद तुम्हाला परवडतो. माझा आक्षेप आहे तो पैसे काढण्याच्या जागेला आणि घाईला.

बचत योजनेला हात लावू नका. तिथून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही, खातंच बंद करावं लागतं. एक वर्ष उलटल्यावर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं, तर मूळ ठेवीतून दीड टक्का कापतात. १५ लाखांवर हे २२,५०० रुपये झाले. शिवाय तुमचा ८.२ टक्क्यांचा दर पाच वर्षांसाठी बांधलेला आहे, तो सोडावा लागेल. बँकेतले ३ लाखही नकोत. उद्या रात्री-बेरात्री कुणाला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागलं, तर विमा असूनही हाताशी रोकड लागते.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर त्याच खात्यात आहे, पण मुदलात नाही, व्याजात आहे. दर तिमाहीला तुम्हाला ३०,७५० रुपये मिळतात आणि घर तर पेन्शनवर चालतं. आठ तिमाह्यांचं व्याज २ लाख ४६ हजार होतं. म्हणजे मुदलाचा एक रुपयाही न हलवता दोन वर्षांत हाच संच घेता येईल. व्याज करपात्र असतं, त्यामुळे कर लागत असेल तर आणखी एखादी तिमाही धरा.

‘गुंतवणूक’ हा शब्द मात्र डोक्यातून काढून टाका. जुन्या ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वयानुसार सुकतात, स्पीकरच्या कडेचा फोम दमट हवेत भुगा होतो. दुर्मिळपणाचाही भरवसा नाही. टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल १९७२ साली आला, २०१० साली बंद झाला आणि २०१६ साली कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला. विकायला निघालात, तर दुकानदार स्वतःचा नफा राखूनच भाव सांगणार. वैयक्तिक वापराची अशी वस्तू विकून फायदा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ही एक जमेची बाजू. पण तोटा झाला तर तो कुठे वजाही करता येत नाही. तेव्हा हा खर्च आहे, आणि आनंदासाठी केलेला खर्च म्हणूनच तो करा. त्याला दुसऱ्या कुठल्या नावाची गरज नाही.

आता माळ्याकडे वळू. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच वाटलं. तो ॲम्प्लिफायर खाली काढा, पण उत्साहाच्या भरात थेट प्लगमध्ये घालू नका. इतकी वर्षं बंद असलेलं यंत्र एकदम २३० व्होल्टवर सुरू केलं तर जळू शकतं. जुना रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा जाणता मेकॅनिक शोधा, तो सिरीज बल्ब लावून, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, आधी चाचणी घेईल. कपॅसिटर बदलणं, खरखरणारे नॉब साफ करणं, टर्नटेबलचा पट्टा किंवा रबरी चाक, नवी सुई, स्पीकरचा फोम: या सगळ्यासाठी एका तिमाहीचं व्याज बाजूला काढा आणि काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून घ्या. सांगली-कोल्हापुरात कुणी मिळालं नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा.

मग सहा महिने ऐका. मित्राकडे ऐकलेला आवाज किती मॅरँट्झचा होता, किती त्या खोलीचा आणि किती वीस मिनिटं जागचं न हलता एक बाजू पूर्ण ऐकण्याचा, हे तुम्हाला घरीच कळेल. मोबाइलवर एक राग अर्धवट सोडून दुसरीकडे जायची सवय लागलेल्या आपल्या कानांना ती वीस मिनिटं फार सुख देतात. सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास असतं. रोज दोन तास ऐकलंत तर वर्षाला ७३० तास होतात, म्हणून वर्षाकाठी एक सुई खर्चात धरून ठेवा.

सहा महिन्यांनंतरही त्या जपानी संचाची ओढ कायम असेल, तर व्याजाचे पैसे साठले की खुशाल घ्या. जाताना घरची, पाठ असलेली एलपी सोबत न्या. संच निदान तासभर चालवून पाहा, दोन्ही स्पीकरमधून आवाज सारखा येतो का ते ऐका. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा: जपानमधल्या बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं आणि त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. किमतीच्या वर आणखी १५ टक्के दुरुस्तीसाठी राखा. विक्रेत्याला आज टोकन देऊ नका.

एक काम मात्र आजच करा. रेकॉर्ड एकावर एक आडव्या रचलेल्या असतील, तर त्या वजनाने वाकतात. माळ्यावरून उतरवा, कपाटात उभ्या लावा आणि पावसाळ्याआधी प्रत्येकीचं पाकीट उघडून बुरशी आली आहे का ते पाहा.