शेतावरच्या भाजी-मटणाचा शेअर, म्हणजे आगाऊ पैसे भरून सीझनभराचा वाटा घेताय?
दादा, बिनधास्त घ्या, पण आधी शेतावर जाऊन या, कोंबड्या मोकळ्या फिरतात का ते बघा, पीजीएस सर्टिफिकेट, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची शेतं तपासून दिलेला सेंद्रिय शेतीचा दाखला आहे का विचारा. भाजी सीझनचीच येणार, पावसाळ्यात दोडका गवार, थंडीत मेथी मुळा, मे महिन्यात पिशवी हलकी असती तेव्हा कुरकुर करू नका, पैसे आगाऊ देतो म्हणजे पावसाची रिस्कपण आपण वाटून घेतो आणि बी-बियाण्याला शेतकऱ्याला तेच पैसे कामाला येतात. मटणाचं मात्र स्पष्ट विचारा, जिवंत वजनावर का कापल्यावर, कारण बोकडाच्या वजनातलं निम्म्याच्या आसपासच मटण हाताला लागतं. गावरान कोंबडीला शिट्ट्या जास्त लागतात. श्रावणातला वाटा पुढं ढकलतात का तेपण ठरवून घ्या. आणि शेत साताऱ्याच्या कोरेगावकडं असंल तर वाघ्या घेवडा, म्हणजे तिकडचा राजमा, मागाच!