'रिकव्हरी' म्हणजे नक्की काय? बँकेत एक, दवाखान्यात एक, कारखान्यावर तिसरंच, असं कसं?

असंच हाय ते. आमच्या सांगलीकडं रिकव्हरी म्हटलं की पहिला ऊसच डोक्यात येतो, म्हणजे साखर उतारा. शंभर किलो ऊस गाळून सव्वादहा किलो साखर निघाली की रिकव्हरी १०.२५ टक्के, आणि एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, तो पण ह्याच आकड्यावर बसवतात, २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ ला क्विंटलमागं ३४० रुपये होते, त्याच्या वर प्रत्येक ०.१ ला ३ रुपये ३२ पैसे जादा. म्हणून तर तुटलेला ऊस फडात वाळत पडला की सगळ्यांचा जीव वरखाली, वजन पण घटतं आणि साखर पण.

मिरजेला दवाखान्यात म्हणाले तर पेशंट सुधारतोय. बँकेत थकलेल्या कर्जाची वसुली, तिथला रिकव्हरीवाला दारात आला तर तब्येत विचारायला नाही आलेला. मोबाईल दुकानात उडालेले फोटो परत काढणं, पण फोटो उडाल्यावर त्याच मेमरी कार्डात नवीन भरत बसलात तर विसरा. शेअरवाले पडलेला बाजार वर आला की म्हणतात, आणि पोलिसांकडं चोरीचा माल सापडला की.