सायकलचे प्रश्न: टायर रुंद घेतला, आता हवा किती मारू?

या वेळच्या पत्रांमध्ये बहुतेक सगळे रोडबाइकच्या टायरवरच घसरलेत. रुंद घ्यावा का, बसेल का, टिकेल का, स्पीड जाईल का. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि थोडी काटछाटही केलीय, राग मानू नका.

प्रश्न: माझं वय 54, वजन 76 किलो. रोडबाइकला 25 चे (म्हणजे 25 मिलिमीटर रुंद) टायर होते, अर्ध्या तासात हाताला मुंग्या यायच्या. सगळे म्हणाले रुंद घाला, म्हणून 28 चे घातले. पण खरं सांगू का, काडीचा फरक पडला नाही. पैसे पाण्यात गेले का? हवा मी पहिल्यापासून 100 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारतो, टायरवर 115 पर्यंत चालते असं लिहिलंय.

पैसे पाण्यात नाही गेले, हवेत अडकलेत. टायरवर छापलेला 115 हा आकडा म्हणजे याच्या वर जाऊ नका अशी मर्यादा आहे, तेवढी मारा असा सल्ला नाही, पण निम्मी जनता तो सल्ला समजूनच पंप हाणते. रुंद टायरचा सगळा फायदा एकाच गोष्टीत आहे, की त्यात हवा जास्त मावते म्हणून ती कमी दाबाने ठेवता येते आणि तरी रिम रस्त्यावर आपटत नाही. दाब तोच ठेवलात तर फायदा कुठून येणार? उलट तेवढ्याच दाबाला रुंद टायरच्या कापडावर ताण जास्त येतो, त्यामुळे 28 चा टायर 100 वर 25 पेक्षाही दगडासारखा वाटू शकतो.

आता आकडे. तुम्ही, सायकल, पाण्याची बाटली सगळं मिळून 87-88 किलो धरू. 25 च्या टायरला मागे साधारण 80 ते 85 पीएसआय ठीक असतं, 28 ला 68 ते 72, आणि उद्या 32 घातलात तर 55 ते 60. पुढच्या चाकात याहून चार-पाच कमी, कारण रोडबाइकवर साधारण 55 ते 60 टक्के वजन मागच्या चाकावर असतं, दोन्हीत सारखी हवा मारायची सवय मोडा. आणि नेमकं पुढचं चाकच तुमच्या हातांना त्रास देतंय. हे आकडे म्हणजे सुरुवात आहे, वेदवाक्य नाही, शिवाय प्रत्येक पंपाचा काटा आपल्या मनाचा राजा असतो, म्हणून शक्यतो एकच पंप वापरा. 72 पासून सुरू करा, नेहमीच्याच रस्त्यावर फिरा, दर वेळी दोन-तीन पीएसआय उतरवत जा. वळणावर टायर कुशीवर लोळल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिमचा ठक्क आवाज आला की समजा खाली जास्तच गेलात, तिथून चार-पाच वर या.

फ्रँक बर्टो नावाचे अमेरिकन तंत्रलेखक होते, त्यांनी टायर मोजून मोजून एक अंदाज दिला होता की माणूस बसल्यावर टायरची उंची साधारण 15 टक्के दबली पाहिजे. 28 च्या टायरला म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. घरी हे मोजायच्या फंदात पडू नका, पण सायकलवर बसल्यावर टायर थोडा दबलेला दिसणं म्हणजे हवा कमी आहे असं नव्हे, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

आणि हो, हवा उतरवूनही मुंग्या येत राहिल्या तर टायरच्या मागे लागू नका, सीट पुढे झुकलीय का आणि हँडल फार लांब किंवा खाली आहे का ते बघा. सगळा भार हातावर येत असेल तर टायर बिचारा काय करणार.

प्रश्न: माझ्या रिम ब्रेकच्या सायकलला 32 चा टायर बसेल का? एक मित्र म्हणतो आरामात बसेल, दुसरा म्हणतो 28 सुद्धा घासेल. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको, ॲलन कीचं ऐका. आत्ता जो टायर आहे तो पूर्ण हवेवर ठेवा आणि 4 ची ॲलन की टायर आणि फ्रेममधल्या फटीत सरकवून बघा. कुठे कुठे बघायचं तर फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, वरच्या कमानीखाली, दोन्ही ब्रेकच्या पोटाखाली, आणि मागे पेडलच्या धुरीच्या लगेच पाठीमागे जिथे फ्रेमच्या दोन्ही नळ्या चाकाला चिकटून जातात तिथे. ही शेवटची जागा लोक हमखास विसरतात. चाक सावकाश फिरवत बघा, कारण चाकात थोडा आऊट, म्हणजे वाकडेपणा, असतोच, एका जागी की सुळकन जाईल आणि अर्ध्या फेरीनंतर अडकेल. आता हिशोब करा. टायर 4 मिलिमीटर रुंद झाला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन वाढतो, पण उंचीला जवळजवळ पुरा चार वाढतो, म्हणून बाजूला जागा दिसत असूनही टायर वरून ब्रेकला घासतो. नवीन टायर बसल्यावर सगळीकडे 4 मिलिमीटर फट उरली पाहिजे, अगदीच नाइलाज असेल तर 3. त्याखाली नको, एक स्पोक तुटला तरी चाक वाकडं होऊन फ्रेमला घासतं, आणि टायरला चिकटून आलेली वाळू कार्बनची फ्रेम कानशीने घासल्यासारखी खाते.

तुमचे दोन्ही मित्र आपापल्या जागी बरोबर असू शकतात त्याचं कारण असं की टायरवर छापलेली रुंदी आणि खरी रुंदी वेगळी असते. जुन्या रिमची आतली रुंदी 15 मिलिमीटर असायची, आता 19, 21 आणि त्याहून जास्त येतात, आणि रिम एक मिलिमीटर रुंद झाली की टायर साधारण अर्धा मिलिमीटर फुगतो. तोच 28 चा टायर एकाकडे 27 भरतो, दुसऱ्याकडे 30. शिवाय नवीन टायर पहिल्या काही आठवड्यांत थोडा सैलावतो ते वेगळंच.

साध्या रोडबाइकच्या आखूड हाताच्या रिम ब्रेकमध्ये बहुतेक वेळा 25 किंवा 28 वरच गाडी थांबते, 32 ची आशा लावू नका. 28 बसला तरी हवा भरलेला टायर ब्रेकच्या रबरांमधून बाहेर निघत नाही असं होतं, त्यासाठी ब्रेकवर किंवा लिव्हरवर एक छोटी खिट्टी असते ती उघडायची. डिस्क ब्रेकवाल्यांना ब्रेकचा प्रश्नच येत नाही, त्यांनी फक्त फ्रेम आणि फोर्कची मर्यादा कंपनीच्या माहितीत वाचायची. मडगार्ड लावणार असाल तर त्याची जागा वेगळी धरा.

टायर घेताना त्याच्यावर 28-622 असा जोडआकडा दिसतो, त्यातला 622 सगळ्यात महत्त्वाचा, तो टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. रोडबाइकचं नेहमीचं 700सी माप म्हणजे हाच. जुन्या सायकलींना 27 इंची टायर असतो तो 630 चा, ऐकायला 700 च्या आसपासच वाटतो पण एकमेकांच्या रिमवर बसत नाही, जुनी सायकल नवी करायला घेतलेल्यांनी हे आधी वाचावं.

प्रश्न: दादा, कॉलेजच्या ग्रुपमध्ये सगळे 23-25 वर आहेत, मी 30 घालायचं म्हटलं तर म्हणतात ट्रॅक्टर घेऊन ये. खरंच स्लो होईन का?

तुझ्या ग्रुपला म्हणावं टूर द फ्रान्स बघताना जरा टायरकडे पण बघत जा. पूर्वी तिथे 23 आणि त्याहूनही बारीक असायचे, आता 28 आणि 30 सर्रास दिसतात, आणि पॅरिस-रुबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर तर 32 च्या वरही जातात. ते लोक आरामासाठी सायकल चालवत नाहीत.

कारण सोपं आहे, ते नीट समजून घे म्हणजे भांडता येईल. टायरचा किती भाग जमिनीला टेकतो ते मुख्यतः वजन आणि दाबावर ठरतं. मागच्या चाकावर 50 किलो आणि दाब 80 पीएसआय असेल तर साधारण 9 चौरस सेंटिमीटर, मग टायर बारीक असो की रुंद. फरक आकाराचा. बारीक टायरचा ठसा लांबट पडतो, रुंदाचा आखूड आणि आडवा, आणि लांबट ठशात टायरची बाजू जास्त वाकते. रबर वाकून परत सरळ होताना थोडी ताकद गरम होऊन वाया जाते, तोच तो घर्षणाचा तोटा. म्हणजे एकाच दाबाला रुंद टायर उलट हलका पळतो. दाब उतरवलास की तो फायदा जवळपास संपतो आणि दोघं बरोबरीला येतात, हे प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत रोलरवर. खऱ्या रस्त्यावर आणखी एक भानगड असते, कडक टायर प्रत्येक खडीवर उडतो आणि तो हादरा तुझं अंग शोषतं, ती ताकद तुझ्याच पायातून गेलेली असते. खडबडीत रस्त्यावर म्हणूनच कडक टायर वेगवान वाटतो, असतो असं नाही. झिणझिण झाली की आपल्याला वाटतं काय पळतोय.

तोटा अजिबात नाही असं पण नाही. टायरमागे थोडं वजन वाढतं, आणि 40 च्या वर स्पीड असेल तर रिमपेक्षा फुगलेला टायर हवेला अडतो. शर्यतीत शेवटच्या सेकंदासाठी झगडत असशील तर विचार कर. रविवारच्या ग्रुप राइडला मागे पडलास तर टायरला दोष देऊ नकोस म्हणजे झालं.

प्रश्न: आराम वगैरे ठीक आहे, पण मला टायर टिकायला हवाय. दर थोड्या दिवसांनी पंक्चर काढून वैताग आलाय. रुंद टायर जास्त टिकतो ना?

थोडा जास्त टिकतो, पण रुंदीकडून फार अपेक्षा ठेवू नका, टिकाऊपणा रबराच्या जाडीत आणि आतल्या कापडात असतो. त्याआधी पंक्चर कसलं आहे ते बघा. ट्यूबवर सापाने चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन बारीक भोकं असतील तर ती रिम आणि खड्ड्याच्या मध्ये चिमटली गेलीय, हा प्रकार रुंद टायरने खरोखर जवळपास बंद होतो, अर्थात हवा वेळच्या वेळी भरलीत तर. एकच भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काच, तार, काटा. कमी दाबाचा टायर बारीक खड्यावर जरा दबतो म्हणून तो खडा आत घुसायला कमी बघतो, इतकाच रुंदीचा हात. भोक आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर टायर बदलून काहीच होणार नाही, रिमवरची पट्टी सरकलीय किंवा फाटलीय, ती बदला.

वारंवार एकाच जागी पंक्चर होतंय का? ट्यूब बाहेर काढली की तिचा वॉल्व्ह टायरच्या नावाशी जुळवून धरा, भोक जिथे येतं तिथे टायर आतून उलटा करा आणि कापडाचा बोळा फिरवा, बोट नको, कापेल. धागा जिथे अडकतो तिथे तारेचा तुसासारखा तुकडा सापडतो, तांदळाच्या कणीएवढा, बाहेरून दिसतही नाही, आणि तुम्ही मात्र ट्यूबमागून ट्यूब बदलत बसता.

टायर निवडताना मधोमध रबराखाली संरक्षक पट्टा आहे का विचारा. तो नुसता मध्ये आहे की बाजूपर्यंत आहे तेही, कारण खराब रस्त्यावर बाजूच जास्त कापल्या जातात. टीपीआय म्हणजे कापडाच्या विणीचा आकडा, 120 चा टायर मऊ आणि चपळ, 60 चा जरा राठ पण मार खाणारा असं ढोबळ समजा. 300 च्या पुढचे आकडे दिसले तर हुरळू नका, काही कंपन्या एकावर एक तीन थर मोजून बेरीज सांगतात. जाड संरक्षणवाला टायर रुंद असूनही मठ्ठ आणि टणक वाटतो, हा सौदा आहे. रोज कामावर जायचं असेल तर मी तो सौदा डोळे मिटून घेईन, फक्त सकाळच्या फेरीसाठी असेल तर नाही. खोल नक्षीला भुलू नका, डांबरी रस्त्यावर गुळगुळीत टायर पावसातही तितकाच चिकटतो, सायकलच्या वेगाला आणि एवढ्याशा ठशाला टायर पाण्यावर तरंगत नाही.

मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो, मधे सपाट पट्टा पडतो. काही टायरवर बारीक खळगे असतात, ते दिसेनासे झाले की संपला. अशा वेळी पुढचा मागे घ्या आणि नवीन पुढे घाला, कारण पुढचा टायर फुटला तर सावरता येत नाही. झिजलेला मागचा काढून पुढे टाकायची काटकसर नको.

प्रश्न: माझं नवीन व्हीलसेट (चाकांची जोडी) हुकलेस आहे. 25 चे जुने ट्यूबवाले टायर पडून आहेत, ते घालू का?

नको. हुकलेस रिमला टायर धरून ठेवणारी आतली कड नसते, त्यामुळे त्यावर चालणारा टायर ट्यूबलेस (ट्यूबशिवाय हवा धरणारा) आणि हुकलेसला मान्यता असलेलाच लागतो, ट्यूब घाला किंवा नका घालू. रोड टायरला दाबाची मर्यादा 5 बार, म्हणजे साडेबहात्तर पीएसआय. बहुतेक अशा रिमला 28 किंवा त्याहून रुंद टायर सांगितलेला असतो, रिमच्या कंपनीची यादी उघडा आणि त्यात तुमचा टायर नसेल तर विषय संपला. इथे जुगाड नाही.

प्रश्न: मागेच फक्त 28 बसतो, पुढे 25 च. चालेल? आणि ट्यूब जुनीच ठेवू का?

चालेल, भार मागे जास्त असतोच. पुढच्यात मात्र 28 चा दाब मारू नका, 25 चे आकडे वेगळे. ट्यूबवर 18-25 लिहिलं असेल तर 28 मध्ये ती ताणून पातळ होते आणि हवाही लवकर सोडते, 25-32 वाली घ्या. सायकल कॉम्प्युटर मागच्या चाकावरून वेग मोजत असेल तर चाकाचा घेर 2105 मिलिमीटरचा 2136 करा, नाहीतर चाललेलं अंतर दीड टक्का कमी दाखवेल.