बाबा बागेत दोन तास बसतात, आई मात्र फेऱ्या मारून लगेच परत येते. आईला बाग आवडत नाही का?

आवडत असणार. पण बाबांना तिथे नुसतं बसता येतं, तिला येत नाही.

मी पुण्यात कमला नेहरू उद्यानाजवळ राहते, संध्याकाळी हे रोज दिसतं. काकांची बाकं ठरलेली, गप्पा ठरलेल्या. बायका एकतर भराभर चालत असतात, नाहीतर नातवंडांच्या घसरगुंडीपाशी उभ्या. 'चालायला जाते' म्हटलं की घरात कोणी काही विचारत नाही. 'जरा बसायला जाते' म्हणून बघा! भिशीतल्या चौघी मिळून आल्या तर निवांत बसतात; एकटी बाई बसली की जाणारे-येणारे वळून बघतात.

पण खरं कारण मला फाटकावरच्या वेळापत्रकात दिसतं. महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि दुपारी चारच्या सुमारास उघडतात. घर सांभाळणाऱ्या बाईला थोडी उसंत मिळते ती नेमकी या मधल्या तासांत. सकाळी बाग उघडते तेव्हा तिचे डबे चाललेले असतात, संध्याकाळी सातला कुकर लावायचा असतो. नोकरदार आणि पेन्शनर डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या या वेळा आहेत, आणि मला त्याचा फार राग येतो. त्यात स्वच्छतागृहाला कुलूप असलं तर दोन तास बसणार कोण? अंधारून आलं की मागच्या बाजूची वाट बायका आपोआप सोडतात. वेताळ टेकडीवर तर सोबत मिळाल्याशिवाय मी स्वतः जात नाही.

मुलींच्या बाबतीत हे लहानपणीच सुरू होतं. व्हिएन्नात १९९० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा वयाच्या नऊ वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात असं आढळलं. एकच मोठं मैदान, ते मुलांनी व्यापलेलं. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या: मैदानाचे छोटे भाग पाडले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला जागा दिली, दिवे वाढवले. मुली परत यायला लागल्या. आपल्याकडे दुपारी सावलीतल्या बागा उघड्या ठेवायला तर एवढाही खर्च नाही. क्षेत्रीय कार्यालयात तसा अर्ज द्यायचं आम्ही काही जणींनी ठरवलंय. तुमच्या भागातूनही द्या.

तोवर आठवडाभर संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही आणि बाबांनी करा, आणि आईला 'किती वाजता येशील?' असं विचारू नका.