सर्दीची गोळी घेऊन सोलापूर ते पुणे गाडी चालवली तर चालेल का? वाटेत चहा घेत गेलो तर?

नाही. चहाने डोळे उघडे राहतील, पण ब्रेकवर पाय वेळेत जाईलच असं नाही.

माझं सोलापुरात मेडिकल आहे आणि याच प्रश्नावरून आमच्या घरात अजून वाद आहे. घटस्थापनेच्या आदल्या रात्री सगळे तुळजापूरला निघालो होतो. दाजी नाक पुसत दुकानात आले, म्हणाले, "एक सर्दीची गोळी द्या, लगेच निघायचंय." मी गोळी दिली आणि गाडीची चावी मागितली. त्यांना चेष्टा वाटली. मग स्ट्रिप उलटी करून ट्यूबलाइटखाली धरली. बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट. हे शेवटचं नाक गळणंही थांबवतं आणि गुंगीही आणतं. "मला गोळीने झोप येत नाही," दाजींचा एकच हेका. ताई म्हणाली, सासूबाई गाडीत बसल्यात, तमाशा नको.

त्या रात्री त्या रस्त्यावर काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. ज्योत घेऊन अनवाणी धावणारी पोरं, मागे मंडळाचा टेम्पो, अंधारात कोण कधी कुठे वळेल नेम नाही. मी चावी सोडली नाही, गाडी मीच चालवली. तामलवाडी यायच्या आत दाजींची मान छातीवर. टोलनाक्यावर मागचा हॉर्न देत होता तरी जाग नाही. आजही म्हणतात, ती थकव्याची झोप होती. असेल! मग थकवा आणि गोळी दोन्ही घेऊन तुम्ही स्टेअरिंगवर बसणार होतात ना, दाजी?

आणि झोप आली नाही म्हणजे सगळं ठीक, हेही खोटं. गुंगी जाणवत नसतानाही हात-पाय उशिरा हलतात. दारूला 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची हद्द आहे, पोलिसांनी फुंकायला लावलं की कळतं. गोळी फुंकून कळत नाही, म्हणून लोक ती औषधात धरतात आणि निघतात.

क्लोरफेनिरामिन रात्री घेतली तर सकाळीही अंमल राहू शकतो. सर्दी-ॲलर्जीच्याच सेट्रिझिनने कमी, पण काहींना चांगलीच झोप येते. फेक्सोफेनाडिनने बहुतेकांना येत नाही, डॉक्टरांना तिचं विचारा. चिंतेवर, झोपेवर देतात ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नसांच्या दुखण्याची प्रीगॅबालिन, कोडीनचं खोकल्याचं औषध, यांना तर जास्तच जपायचं.

हे वाचून बीपीची, फिटची गोळी मात्र कुणी परस्पर बंद करू नका, ते जास्त धोक्याचं. शुगरवाल्यांनी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी निघू नये. घाम, थरथर सुरू झाली की रक्तातली साखर उतरलीय समजा, गाडी बाजूला घ्या आणि साखर खा.

तुम्हाला पुण्यालाच जायचंय, तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहे. आणि घरच्या कुणी चावी मागितली तर देऊन टाका. दाजी त्याला अजून अपमान म्हणतात. मी म्हणत नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मागेन.